दर चार तासांनी

गेल्या दिवाळीआधी माळा आवरत होतो. पितळेचे डबे, फुटका आकाशकंदील, तीन रेडिओ (त्यातला एकही चालू नाही, पण टाकवतही नाही) आणि खाली एक शंभरपानी वही. आईने दुधाच्या हिशेबाला घातलेली. सुरुवातीची काही पानं तिच्या अक्षरात, रोजचं दीड लिटर, पाहुणे असतील तेव्हा दोन. मग एका पानापासून अक्षर बदलतं. तिथून पुढे माझं अक्षर आहे. तारीख, वेळ, आणि पुढे '१ गोळी'. १९ ऑगस्ट १९९६ ते १० सप्टेंबर १९९६. तेवीस दिवस.

अण्णांच्या गोळ्यांचा हा हिशेब.

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हाच तो मणक्यात पोचलेला होता. आम्ही शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, शस्त्रक्रिया झाली, इंजेक्शनं झाली आणि जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी डॉक्टरांनी मला केबिनबाहेर नेऊन सांगितलं, "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या." माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि मलाही. आज अठ्ठावीस-तीस वर्षांनी मला त्या एका वाक्याबद्दलच लिहायचं आहे, कारण ते वाक्य त्या वेळी जगात जवळजवळ तीस वर्षं खोटं ठरलेलं होतं, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं.

ही गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. सिसिली सॉन्डर्स नावाची मुलगी, जन्म १९१८. ऑक्सफर्डमध्ये राज्यशास्त्र-अर्थशास्त्र शिकत असताना महायुद्ध सुरू झालं, म्हणून ते सोडून नर्सिंगला गेली. पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सुटलं, तेव्हा रुग्णालयात समाजसेविका झाली. १९४७ मध्ये तिच्या वॉर्डात डेव्हिड टास्मा नावाचा एक रुग्ण आला. पोलंडमधला ज्यू, वॉर्सामधून बाहेर पडलेला, लंडनमध्ये वेटर. वय चाळीस, कॅन्सर पसरलेला आणि त्या शहरात त्याचं असं कोणीच नाही. ती त्याच्याकडे जाऊन बसायची. मरणाऱ्या माणसाला खरं काय लागतं यावर दोघं बोलायचे. औषध तर लागतंच, पण आपण जगून काही केलं की नाही हा हिशेबही त्याला कुणाशी तरी करायचा असतो. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो गेला. जाताना त्याने तिला ५०० पौंड ठेवले. तू जे घर बांधशील त्यातली एक खिडकी मी होईन, अशा अर्थाचं काही तरी तो म्हणाला होता. घर कुठलं? तेव्हा जागा नव्हती, आराखडा नव्हता, काहीच नव्हतं. खिडकी आधी आली आणि तिच्याभोवती घर उभं राहायला एकोणीस वर्षं लागली.

पण मला त्या खिडकीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. टास्मा गेल्यावर सिसिली सॉन्डर्स बेजवॉटर भागातल्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न गरिबांसाठीच्या संस्थेत संध्याकाळी सेवेला जाऊ लागली. तिथे तिला एक साधी गोष्ट दिसली. मोठ्या रुग्णालयांत मॉर्फिन मिळायचं ते रुग्ण तळमळायला लागल्यावर, त्याने मागितल्यावर, आणि कधी कधी मागूनही थोडं थांबवून. सेंट ल्यूक्समध्ये मात्र नर्सेस ते ठरलेल्या वेळी द्यायच्या. दर चार तासांनी. दुखणं परत यायच्या आधी. आणि रुग्ण गुंगीत पडलेले नसायचे, ते गप्पा मारत असायचे.

बस, एवढंच. शोध म्हणाल तर एवढाच.

हे शास्त्रीय पायावर उभं करायचं तर नुसती सेविका असून चालणार नव्हतं. नॉर्मन बॅरेट नावाच्या सर्जनकडे ती काम करत होती. (अन्ननलिकेच्या एका विकाराला त्यांचं नाव आहे, तेच हे.) त्यांनी तिला सांगितलं की तू डॉक्टर हो, कारण मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच. तेहतिसाव्या वर्षी, १९५१ मध्ये, ती वैद्यकीय शाळेत दाखल झाली. १९५७ मध्ये डॉक्टर. १९५८ पासून हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये आयरिश जोगिणींच्या बरोबर काम. तिथे तिने हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या: किती मॉर्फिन, किती वाजता, दुखणं किती, झोप किती. त्या नोंदींतून तिला जे दिसलं ते तिने वर्षानुवर्षं ठिकठिकाणी सांगितलं. वेळेवर, तोंडावाटे, बेताने दिलेल्या मॉर्फिनने दुखणाऱ्या माणसाला व्यसन लागत नाही. डोस सारखा वाढवतही न्यावा लागत नाही. उलट माणसाला वेदनेची वाट बघायला लावली तर त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे आणि गोळीकडे लागतं. म्हणजे ज्याला आपण व्यसन समजतो ते आपणच तयार करतो.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभा होतो. त्याबद्दल पुढे.

हॉस्पिस हा शब्द सिसिली सॉन्डर्सचा नाही. त्याचं मूळ लॅटिन, आणि त्या मुळात पाहुणा आणि यजमान दोघंही येतात. हॉस्पिटल आणि हॉटेल हे त्याचेच भाऊबंद. (आपल्याकडे अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. मरणाच्या संदर्भात आपला शब्द जास्त अचूक आहे, पण ते असो.) एके काळी हॉस्पिस म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. फ्रान्समध्ये लिआँ शहरात जान गार्निए या बाईंनी १८४० च्या दशकात मरणासन्न बायकांसाठी काम सुरू केलं तेव्हा तो शब्द या अर्थाने रुळू लागला, आणि डब्लिनमध्ये १८७९ मध्ये जोगिणींनी तशीच संस्था काढली. आपल्याकडे काशीवासाची प्रथा होतीच. काशीतलं मुक्तिभवन १९५८ सालचं. तिथे शेवटचे दिवस काढायला खोली मिळते, भजन-कीर्तन असतं, मात्र मुक्काम साधारण पंधरवड्याचा. मरण जवळ आलेल्या माणसाला जागा द्यायची हे आपल्याला नवीन नव्हतं. त्याचं दुखणं थांबवायचं, हे नवीन होतं.

लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅममध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ मध्ये सुरू झालं. दारापाशी टास्माची खिडकी आहे. तिथे सेवा, शिक्षण आणि संशोधन एका छताखाली आणलं गेलं. वेदना नुसत्या शरीराच्या नसतात, मनाच्या, घरादाराच्या, पैशाच्या आणि श्रद्धेच्याही असतात, त्या सगळ्या मिळून एकच वेदना होते, हा विचार तिथे पक्का झाला. रुग्णाइतकंच घरच्यांकडेही लक्ष द्यायचं, तो गेल्यानंतरही द्यायचं, हेही तिथलंच. १९६९ पासून तिथल्या नर्स रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. पुढे १९७० च्या दशकात कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डॉ. बाल्फोर माउंट यांना 'हॉस्पिस' शब्दाची अडचण झाली. तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना त्यातून अनाथ-दरिद्री लोकांचा आश्रम असा वास यायचा. म्हणून त्यांनी 'पॅलिएटिव्ह केअर' असं नाव काढलं. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. पांघरूण घालणं. मराठीत आपण त्याला 'परिहारक सेवा', 'उपशामक काळजी' असं काहीबाही म्हणतो आणि ते कोणाला कळत नाही. पांघरूण मात्र कुणालाही कळेल.

आता भारतात येतो. इथे सगळा खेळ दोन वर्षांत झाला, आणि तो विरुद्ध दिशांना.

१९८५ मध्ये संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला, एनडीपीएस. उद्देश चांगला होता, हेरॉइनचा व्यापार रोखायचा. पण मॉर्फिनही त्यातच आलं. गुन्ह्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि प्रत्येक राज्याचे वेगळे नियम. एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने, वेगवेगळ्या खात्यांचे, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असले पाहिजेत. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. औषध दुकानदारांनी हात झटकले, रुग्णालयांनी साठा ठेवणं बंद केलं, आणि डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन कसं द्यायचं हे न शिकताच बाहेर पडली. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ मध्ये तो वर्षाला १८ किलोवर आला होता. अख्ख्या भारताला १८ किलो. आमच्या वाण्याकडे दिवाळीत याहून जास्त खसखस असेल.

खसखस उगाच आठवली नाही. अनारशाला लावतो ती खसखस आणि मॉर्फिन एकाच झाडाचं. नीमच, मंदसौर, चित्तोडगड या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते, बोंडांना चिरा देऊन चीक काढतात, तो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जातो. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत, आणि बाहेरच्या देशांच्या वेदनाशामकांसाठी ती निर्यात करत आलो. इतिहासात याहून मागे गेलं तर शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीचा मोठा भाग त्या व्यापारातला, आणि त्याच पैशातून १८४५ मध्ये मुंबईला जे. जे. रुग्णालय मिळालं. अफूने आपल्याला रुग्णालय दिलं, पण पुढे दीडशे वर्षांनी रुग्णालयांत अफूचं औषध नव्हतं.

दुसरी दिशा १९८६ ची. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवर एक छोटी पुस्तिका काढली. त्यात तीन पायऱ्यांची एक शिडी आहे. आधी साधी औषधं, मग जरा जोरकस, मग मॉर्फिन. आणि नियम असा की औषध तोंडावाटे, आणि घड्याळाप्रमाणे. दुखेल तेव्हा नाही. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, कॅन्सरचे सर्जन डॉ. ल्युईस डिसोझा यांनी शांती अवेदना हे भारतातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं. अवेदना, म्हणजे वेदना नसणं. रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत हा शिरस्ता. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्यांच्या शाखा झाल्या.

केरळची गोष्ट लांबलचक आहे, ती कधी तरी वेगळी लिहायला हवी. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक सोसायटी काढली. राजगोपाल भूलतज्ज्ञ. त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेली एक गोष्ट आहे. कॅन्सर झालेल्या एका प्राध्यापकाला त्यांनी इंजेक्शन देऊन मज्जातंतू बधिर केला, वेदना थांबली. परत कधी येऊ, असं त्याने विचारलं. यायची गरज नाही, कॅन्सरवर आता उपचार नाही, असं यांनी सांगितलं. त्या माणसाला तोवर हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच रात्री त्याने आयुष्य संपवलं. मी वेदनेवर उपचार केला, माणसावर नाही, असं राजगोपाल तेव्हापासून सांगत आले. त्यांच्या कामाचं वैशिष्ट्य म्हणजे ते डॉक्टरांपुरतं राहिलं नाही. दुकानदार, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आठवड्यातले काही तास द्यायला लागले, शेजारी-शेजारी वर्गणी काढून नर्सची जीप चालवू लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं. महाराष्ट्राचं धोरण २०१२ चं. एनडीपीएस कायद्यात शेवटी २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसकट सहा औषधांना 'अत्यावश्यक' म्हणून एकाच परवान्याची सोय झाली. एकोणतीस वर्षं लागली. टास्माच्या खिडकीपेक्षा दहा जास्त.

(जाता जाता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याचा हक्क मान्य केल्यापासून पुष्कळ लोक हॉस्पिस आणि इच्छामरण यांची सांगड घालतात. सिसिली सॉन्डर्सचा इच्छामरणाला जन्मभर विरोध होता. दुखणं थांबवलं तर मरण मागणारा माणूस पुष्कळदा ते मागायचं थांबतो, हा तिचा अनुभव. या वादात मी पडत नाही. मला त्यातलं कळत नाही.)

आता वहीकडे.

अण्णांना घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस नुसत्या साध्या गोळ्यांवर गेले. पंधरा दिवस म्हणजे काय हे लिहीत नाही. एवढंच सांगतो की जो माणूस चाळीस वर्षं मोठ्या आवाजात 'तीन नंबर फलाट' म्हणायचा, तो उशी तोंडात धरायचा, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मग माझ्या मावसबहिणीच्या यजमानांनी मुंबईहून कागदपत्रं करून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. दहा मिलिग्रॅमच्या, साठ. सोबत तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत, सुवाच्य: एक गोळी दर चार तासांनी, आणि रात्री पोट साफ होण्याचं औषध.

मी चिठ्ठी वाचली. आणि पाळली नाही.

का? दोन कारणं होती, आणि त्यातलं खरं कुठलं हे मी इतकी वर्षं ठरवू शकलेलो नाही. एक, दिवसाला सहा म्हणजे साठ गोळ्या दहा दिवसांत संपल्या असत्या, आणि पुढच्या कुठून आणायच्या? तालुक्यात नाहीत, जिल्ह्यात विचारलं तर दुकानदार माझ्याकडे चोर आल्यासारखं बघायचा. परत मुंबई, परत कागद, परत कुणाच्या तरी पाया पडणं. हे कारण कायद्याचं. वहीच्या सुरुवातीला साठातून एक-एक वजा करत मी शिल्लक लिहिलेली आहे, दुधासारखीच. दुसरं कारण माझं. सवय लागेल, अशी मला भीती वाटायची. ज्या माणसाचे दिवस मोजले गेले होते त्याला सवय लागेल, याची. हे मी आईलाही बोलून दाखवलं होतं, आणि शेजारच्या काकांनी मान डोलावली होती, बरोबर आहे, जपूनच द्या. कोणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. म्हणून मी अण्णांना म्हणायचो, "अण्णा, जरा दम धरा. आता तासाभराने देतो."

अण्णांना समजावून सांगायची वेळ आली असती तर त्यांना सगळ्यांत आधी कळलं असतं. गाडी भरली म्हणून सुटत नाही, वेळ झाली म्हणून सुटते, हे त्यांनी किती नव्या ड्रायव्हरांना सुनावलं असेल. पण मी त्यांना चिठ्ठीत काय लिहिलंय ते सांगितलंच नव्हतं. ते मागायचे, मी ठरवायचो.

अण्णा १० सप्टेंबरला पहाटे गेले. गणपती आठवड्यावर आले होते. पुढच्याच वर्षी पुण्यात वारज्याला सिप्लाचं परिहारक सेवेचं केंद्र सुरू झालं. तिथे रुग्णाला मोफत ठेवून घेतात, घरच्या माणसाला सोबत राहता येतं आणि काय कसं द्यायचं ते त्याला शिकवतात. आमच्या गावापासून एसटीने चार तास.

वहीत एक्केचाळीस नोंदी आहेत. तेवीस दिवस, एक्केचाळीस गोळ्या. डबीत एकोणीस उरल्या होत्या. दहाव्यानंतर मला त्यांची धास्ती वाटायला लागली, घरात असं औषध, पोलीस आले तर काय सांगायचं. एका रात्री मी त्या परसातल्या चुलीत टाकल्या आणि डबी विहिरीत.

दिवाळीत वही घेऊन बसलो तेव्हा बायको आत अनारसे थापत होती, खसखशीचं ताट शेजारी. तिने विचारलं काय वाचताय, तर दुधाचा हिशेब म्हणालो. बहुतेक नोंदी एका ओळीच्या आहेत, वेळ आणि '१ गोळी'. २ सप्टेंबरला मात्र मी जास्त लिहिलंय, का ते आठवत नाही. रात्री २.१०, मागितली, दिली नाही. ३.००, मागितली. ३.३५, मागितली. ५.४०, १ गोळी. शिल्लक ३४.